मी चुलीपाशीच होते

आधीच सांगते, मी काही गरीब गाय नव्हते. तोंडाने फटकळ, कामाला चलाख, आणि एकविसाव्या वर्षी दोन पोरांची आई. यांना पिंपरीत कंपनीत काम लागलं म्हणून साताऱ्याकडचं घर सोडून आम्ही इथे आलो. कंपनीच्या मागच्या अंगाला बैठ्या खोल्यांची एक रांग होती, तिच्यातली शेवटून दुसरी आमची. आठवडाआड यांची दुसरी पाळी असायची. दुपारी डबा घेऊन निघाले की उशिरापर्यंत घरात मी, अडीच वर्षांची लेक आणि चार महिन्यांचा मुलगा. सासू गावी, आई गावी. हाक मारायला जवळ आपलं असं कुणी नाही.

दुपार कशीबशी जायची. खरा वैताग दिवेलागणीला. मी कंदिलाची काच पुसायला घ्यायची आणि धाकट्याने सूर लावायचा. त्याला काय व्हायचं देव जाणे! ओव्याचा शेक दिला, दृष्ट काढली, पालथा घालून पाठ चोळली. काही केल्या गप्प बसेल तर शपथ. नेमकी त्याच वेळी थोरलीलाही कडेवर बसायची हुक्की यायची. माझे हात भाकरीच्या पिठात, लेक पदराला लोंबकळलेली, आणि धाकट्याच्या झोळीची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला. जुन्या लुगड्याची झोळी वाशाला टांगलेली होती, पाय हलवला की तिला झोका बसायचा. आमच्या रांगेतल्या सगळ्या बायका असंच करत आणि वर हसत-बोलत स्वयंपाक करत. मला मात्र दावणीला बांधल्यासारखं वाटायचं.

त्या आठवड्यात गावाहून दिरांनी भुईमुगाच्या ओल्या शेंगा पाठवल्या होत्या. सकाळीच उकडून ठेवल्या, पण दिवसभरात एक शेंग तोंडात टाकायची सवड मिळाली नाही. संध्याकाळी दोघांनी एकदम भोकाड पसरलं. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की वाटलं, आता इथे थांबले तर एकाला तरी बडवून काढीन. अंगठ्याची दोरी सोडली आणि लेकीच्या मुठीत दिली. "बाळाला झोका दे हं. शहाणी गं माझी बाय ती." तिचं रडं जागच्या जागी थांबलं. आईचं काम आपल्याला मिळालं म्हणून केवढी फुलली पोर! मी ओच्यात शेंगा घेतल्या, बाहेर आले आणि दाराला बाहेरून कडी घातली.

खोल्यांच्या मागे धुण्याचा दगड होता, तिथे जाऊन बसले. एकेक शेंग सोलून सावकाश खाल्ली. पुण्याच्या रस्त्यावरून मालमोटारी जात होत्या. अंगाला कुणी चिकटलेलं नाही, कुणी काही मागत नाही. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मग आतून "आई" असं ऐकू आलं. पुन्हा एकदा, "आई". ती नेहमीची हाक नव्हती. कुठल्याही आईला कळलं असतं, मलाही कळलं. ओच्यात पाच-सहा शेंगा उरल्या होत्या. त्या मी खाल्ल्या आणि मग उठले. बाळ पहिल्या हाकेच्या आधी पडलं की नंतर, हे मला आजपर्यंत ठाऊक नाही. हे लिहितानासुद्धा कानशिलं तापतात माझी.

दार उघडलं तर झोळी एका अंगाला कललेली, बाळ खाली पाट्यापाशी, भुवईवर खोक आणि तोंडभर रक्त. आणि लेक रडत रडत रिकामी झोळी ओढतच होती. थांब म्हणून मी तिला सांगितलंच नव्हतं ना.

मी बाळाला उचललं आणि मोकळ्या हाताने तिच्या थोबाडीत दिली.

आरडाओरडा ऐकून शेजारच्या मावशी धावत आल्या. त्या इथल्याच गावातल्या, रांगेला लागून असलेल्या जुन्या घरातल्या. "आगं बया, काय झालं गं?" माझ्या तोंडून फाडकन निघालं, "हिनं पाडलं! मी चुलीपाशीच होते, जरा पाठ फिरवली तर कार्टीनं ओढली दोरी." मावशींनी खोकेत हळद दाबली, बाळाला खांद्यावर घेतलं. "व्हतंय आसं. धाकलं आलं की थोरल्याच्या पोटात दुखतंयच. पोरीला मारू नगंस," असं म्हणाल्या. खोटं बोलले मी, आणि त्याला कारण आयतं मिळालं. लेक माझ्याकडे बघत उभी होती. तिला बोलता येत होतं, पण स्वतःची बाजू सांगण्याइतकं कुठलं यायला?

बाळ दूध प्यायलं, झोपलं, चार दिवसांत बरं झालं. यांना तेच सांगितलं, गावी पत्रात तेच कळवलं. बाळ सुखरूप आहे म्हटल्यावर सगळ्यांना त्याची गंमत वाटायला लागली. पाहुणे आले की हे लेकीला पुढे बोलवायचे, "कसं पाडलंस गं भावाला?" मग ती दोन्ही मुठी वळून ओढून दाखवायची. हशा पिकायचा. कुणी खाऊ द्यायचं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तर ती न विचारताच करून दाखवायला लागली. मी तेव्हा चहाच्या निमित्ताने पाठ फिरवायची. दर वेळी वाटायचं, आज सांगावं. पण सांगायचं म्हणजे कडी सांगावी लागणार, शेंगा सांगाव्या लागणार. माझी जीभ कुणालाही ऐकायची नाही, पण तिथे टाळ्याला चिकटायची.

लेक सहा वर्षांची असताना मावशींच्या सुनेला मुलगा झाला. बारशाला आम्ही सगळ्या जमलो. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटल्या. मावशींनी प्रेमाने लेकीला हाक मारली, "ये गं, मांडी घालून बस, बाळ देते तुझ्याकडं." लेकीने दोन्ही हात पाठीमागे लपवले. "मला नको," ती म्हणाली, "मी बाळांना पाडते."

बायका खो खो हसल्या. मीही हसले. हसले मी! जनाची नाही तर मनाची तरी असावी माणसाला.

घरी येताना मात्र राहवलं नाही. रस्त्यात थांबले, तिच्यापुढे बसले आणि म्हटलं, "ऐक बाय, तू नाही पाडलंस त्याला. मी तेव्हा घरात नव्हतेच. दाराला कडी घालून मागे शेंगा खात बसले होते. तुझी काही चूक नव्हती."

तिने जरा विचार केला. मग माझी समजूत काढावी तशा आवाजात म्हणाली, "तू नव्हतीस ना? मग तुला कसं माहीत असणार, आई? मला आठवतंय. मीच जोरात ओढलं. मला तो आवडायचा नाही ना तेव्हा."