हाली-कलदारचे अप्पा

“आठाचे सात! भाव म्हंजे काय वारा हाय व्हय, फिरायला?” खटकचिंचोळीच्या बाजारात चिंचेखाली बसलेले अप्पा हे डोळे मिटूनच म्हणायचे. रुपया दगडावर टणकन वाजवायचे आणि कान देऊन ऐकायचे. ऐकता ऐकता असे हरवायचे की गिऱ्हाइकाला खाकरावं लागायचं.

नाणी बदलून देणं हा त्यांचा धंदा. निजामाचे हाली रुपये आठ द्या, भारत सरकारचे कलदार सात घ्या. निजाम गेला, आम्ही म्हैसूर राज्यात आलो, तरी लोकांच्या गाठीला हाली होतेच. मग सरकारी खजिन्यानं हाली घेणं बंद केलं आणि बाजारात भाव गडगडला. आठाला पाच, पुढच्या बाजारी चार. अप्पांचे मात्र सातच!

“अप्पा, बुडायलात की!” मी समोरच्या माझ्या कापडदुकानातून ओरडायचो.

“बायांनी खुरपून खुरपून कमवलेत हे. त्येंचा काय गुन्हा, अण्णा?”

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सोलापूरच्या ऑपरेशनसाठी डब्यात कलदार जपलेले. “दिसाया लागलं की पयलं करडईचं पिवळं रान बघनार,” म्हणायचे. तुम्ही त्यांचा चेहरा पाहिला असता, तर तुम्हालाही ते रान दिसलं असतं.

आता लाज सोडून सांगतो. मी दुकानात गिऱ्हाइकाच्या आठ हालीचे चार कलदार धरायचो आणि तेच हाली हमालाच्या हातून अप्पांकडं सातानं मोडायचो. जळो माझा लोभ! अप्पांना कुठं दिसतंय, असं मनाला समजवायचो. एका बाजारी हमाल हाली तसेच घेऊन परत आला.

“डबा संपला म्हनं अप्पाचा.”

ऑपरेशनचा डबा! धावत जाऊन त्यांचे पाय धरले, सगळं सांगितलं.

“ठाव हाय,” अप्पा म्हणाले. “तुमचा हमाल खोकतोय की.”

“मग दिलात कामून?”

“एकाला सात आन् एकाला चार, ह्यो भाव न्हाई. तुमी आनलं तरी सातच.”

माझ्या पैशानं ऑपरेशन करून घ्यायला त्यांना राजी करण्यात दोन उन्हाळे गेले. सोलापूरच्या डॉक्टरनं डोळ्यांत बत्ती मारली आणि मान हलवली. फार उशीर झाला होता.

शेवटी त्यांची लेक त्यांना आपल्या सासरी, खजुरीला घेऊन गेली. बस सुटताना अप्पांनी खिडकीतून हात काढला. “येतो हां, अण्णा!” मी खिडकीखालीच उभा होतो. ते पलीकडच्या रिकाम्या रस्त्याकडं बघून हसत होते, हात हलवत होते.