सीतामायची ओटी

"गाडी रस्त्यात हाये." फोन उचलला की आमचे मॅनेजर भाऊ आधी हे सांगत आणि गाडी खरोखर कुठे आहे ते मागाहून शोधत. वाडीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी त्यांच्या हाताखाली लागलो, तेव्हा पहिला धडा हाच मिळाला. "गिऱ्हाइकाले 'मालूम नाही' म्हणू नको गा. त्याचा जीव टांगणीले लागते. रस्त्यात हाये म्हण, म्हणजे तो निवांत जेवते."

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. साऱ्या दुनियेचा माल पोचवतो आणि त्याच्या स्वतःच्याच घरचा अडून बसतो.

वहिनींना, म्हणजे भाऊंच्या बायकोला, श्रीलंकेला जायचं होतं. भाऊंचं घर मूळचं उमरेडच्या विणकरांचं. सासऱ्यांनी शेवटचं विणलेलं लुगडं वहिनींनी ट्रंकेत जपलं होतं. अशोकवनात जाऊन त्या लुगड्यानं सीतेची ओटी भरायची, एवढीच त्यांची इच्छा. "परमुलखात एकटी बसली होती बिचारी. माहेरचं कोणी ओटी भराले गेलं का? सांगा बरं, भाऊजी," असं त्या मला विचारत.

धंतोलीच्या डॉक्टरांनी विमानाला साफ नाही म्हटलं होतं, वहिनींची फुफ्फुसं थकलेली. उरली बोट. मग भाऊंनी सहल मालाच्या गाडीसारखी आखायला घेतली. हैदराबादच्या पुढे जेवण, तमिळनाडूच्या बंदरावर मुक्काम, तिथून बोटीनं जाफना, मग अनुराधपूर आणि कँडीचे जुने राजवाडे, शेवटी अशोकवन.

"कँडीले घाट हाये. तिथं चहा घ्याचा, इंजिन थंड होते."

"आपण काय ट्रकनं जाऊन राहिलो का?" वहिनी म्हणत. "अन् राजेलोकांचे महाल मले काहाले?"

"येवढ्या दूर जाऊन पाहाचे नाही? लोकं काय म्हणतीन?"

एकदा मीच थट्टेत म्हटलं, "वहिनी, सीतेले तर विमानातूनच नेलं होतं."

"तिले दमा नव्हता," त्या म्हणाल्या आणि हसता हसता खोकायला लागल्या. खोकला थांबेना. भाऊ पाण्याचा गिलास धरून नुसते उभे. मला राग आला, पण कोणावर काढायचा ते कळेना.

पहिल्या वेळी समुद्र खवळला म्हणून बोट रद्द झाली. दुसऱ्या वेळी बोटच बंद पडली. भाऊ बंदरावर फोन लावत. तिकडून तमिळ ऐकू येई आणि इकडून हे हिंदीत ओरडत. आसामात अडकलेली गाडी एका फोनवर हलवणारा हा माणूस रिसीव्हर ठेवून भिंतीकडे बघत बसे. वहिनींनी कधी निघायचं विचारलं की भाऊ म्हणत, "गाडी रस्त्यात हाये वं." त्या मान डोलवत. पुढची तारीख मिळाली तेव्हा त्या धंतोलीच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर होत्या. तिथून त्या घरी आल्या नाहीत.

तेरावं झाल्यावर भाऊ ऑफिसात आले ते गाठोडं घेऊन. आत लुगडं, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. दारात संत्र्यांची गाडी दक्षिणेला निघत होती.

"लिही गा."

"पत्ता, भाऊ?"

"सीतामाय. अशोकवन. लंका."

पिनकोड नसला तर हा माणूस पार्सल परत करायचा. मी फडक्यावर शाईनं लिहिलं. त्या महिन्यातच नोकरी सोडून भाऊ उमरेडला भावाकडे राहायला गेले.

संत्र्यांच्या गाडीचा ड्रायव्हर गाठोडं परत घेऊन आला. बोटवाल्यांनी घेतलं नाही आणि समुद्रात सोडायला त्याचा हात धजला नाही. आता ते माझ्या टेबलावरच असतं. तांदळाला कीड लागू नये म्हणून मी त्यात कडुनिंबाचा पाला घातला आहे. याहून जास्त काय करावं, मला सुचत नाही.

परवा भाऊंचा फोन आला.

"पोचलं का गा?"

गाठोडं समोरच होतं.

"गाडी रस्त्यात हाये, भाऊ."

हे वाक्य मला कोणी शिकवलं, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"बरं," भाऊ म्हणाले. "मंग जेवतो आता."