न पिणाऱ्याची सुटलेली दारू

नोकरीतले कितीतरी गंभीर तपास आता पुसट झाले आहेत; पण दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या एका शेतकऱ्याची तक्रार आजही आठवते आणि हसू येते.

तेव्हा मी गोंदियात ठाणेदार होतो. स्मार्टफोन नुकते घरोघरी पोचले होते. मुर्री गावाकडचे एक पोवार समाजाचे शेतकरी जोडपे सकाळीच ठाण्यात आले. बाईने फोन माझ्यापुढे धरला. फेसबुकवर दारू सोडवणाऱ्या चूर्णाची जाहिरात होती. त्यात या दोघांचा हसरा फोटो आणि खाली मजकूर : 'पंधरा वर्षांचे व्यसन सुटले, संसार वाचला.'

"साहेब, मी दारूले कदी हात नाही लावलो," नवरा म्हणाला. "आन् गाव हासून राहिला."

"हासू द्या गावाले," बाई म्हणाली. "पोरीची सोयरीक अडली ना! सौंदडचे पाहुणे म्हणतेत, बाप बेवडा, हे काऊन लपवलं?"

अब्रुनुकसानी अदखलपात्र, तेव्हा समज देऊन कोर्टात पाठवावे, असे हवालदाराचे मत पडले. मी फोटो कोणी काढला ते विचारले आणि स्टुडिओवाल्याला बोलावले. त्याने तो स्टुडिओच्या पेजवर टाकला होता.

"साहब, फोटो मैंने खींचा, तो मेरा ही हुआ ना?"

पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याच्या मालकीचा, हे ऐकून त्याला घाम फुटला. चूर्णवाल्याने मात्र तो पेजवरून परस्पर उचलला होता. कॉपीराइटचा भंग आणि फसवणूक, असा गुन्हा मी नोंदवला.

जाहिरातीत फक्त मोबाईल नंबर होता. आमच्या महिला शिपायाने दारुड्याची बायको बनून फोनवर असे रडून दाखवले, की चूर्णवाला स्वतः पुडी घेऊन बसस्टँडवर यायला तयार झाला. आम्ही साध्या वेशात चहाच्या टपरीवर बसलो. जोडपेही हट्टाने सोबत आले.

"खरंच सुटते का हो?" शिपाईबाईने विचारले.

त्याने फोनवर जाहिरात दाखवली. "दीदी, ये भैया रोज नाली में पड़े रहते थे. मैं खुद उठाके घर छोड़ता था."

शेतकऱ्याच्या बायकोला राहवले नाही. "कोणत्या नालीतून उचललास रे माह्या माणसाले?"

त्याने फोन पाहिला, बाईला पाहिले, शेजारी बसलेल्या नवऱ्याला पाहिले आणि मटकन बाकावर बसला.

ठाण्यात फार विचारावे लागले नाही. हाच फोटो का, एवढेच विचारले. "साहब, जोडी सबसे खुश दिखी," तो म्हणाला. ते ऐकून तक्रारदार नवरा नव्या नवरदेवासारखा लाजला.

जाहिरात उतरली, प्रकरण कोर्टात गेले. सौंदडच्या पाहुण्यांना सगळी हकिकत मीच सांगितली. मुलाचे वडील डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि तिथेच म्हणाले, "सोयरीक पक्की समजा, साहेब." लग्नाला आम्ही ठाण्यातले सगळे जेवून आलो.

चोरी म्हणजे तुटलेले कुलूप आणि उघडे कपाट, हेच मी वर्षानुवर्षे पाहत आलो होतो. इथे फोटो घरच्या भिंतीवर जागच्या जागी होता, तरी एका मुलीचे लग्न मोडता मोडता वाचले. 'तुमचे गेले काय?' हा प्रश्न त्यानंतर मी कुठल्याही तक्रारदाराला घाईने विचारला नाही.