मुक्ताक्कांचा कॉम्प्युटरचा तास

फोन आला तेव्हा मी जेवणाची ताटं उचलत होते. पलीकडून प्रतापनं विचारलं, "जेवण जालं काय, मावशी?" तंजावूरच्या मराठी माणसांच्या तोंडी आपल्या 'झालं'चं 'जालं' होतं. मी हो म्हटलं. मग त्यानं ह्यांच्या गुडघ्याची चौकशी केली, सांगलीत ऊन किती आहे ते विचारलं, नातवाला दात आले का तेही विचारून घेतलं. एवढं सगळं झाल्यावर म्हणाला, "मग सांगतो. अत्त्या आज सकाळी गेल्या." उपाशी माणसाला वाईट बातमी सांगायची नाही हा त्या घरातला नियम, आणि तो घालून दिला होता त्याच्या अत्त्यांनीच, म्हणजे आमच्या मुक्ताक्कांनी. मी ताटं तशीच हातात धरून खुर्चीवर बसले. आज त्याला काही आठवडे झाले. मुक्ताक्का आठवल्या की आधी हसू येतं आणि डोळे मागाहून भरतात... तो क्रम काही केल्या बदलत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. ह्यांची बँकेतली बदली थेट तंजावूरला झाली. सांगलीत मी सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला होता आणि त्या काळात तेवढ्या भांडवलावर माणूस पंडित ठरत असे. तिथल्या एका खासगी शाळेला सिंगापुरात व्यापार करणाऱ्या माजी विद्यार्थ्यानं तीन कॉम्प्युटर पाठवले होते. शिकवायला कुणी नव्हतं. मी अर्ज केला आणि मला घेतलं. माझ्या नेमणुकीत एकच अडचण होती. मला तमिळ येत नव्हतं. 'बसा' आणि 'नको' एवढे दोन शब्द यायचे. त्यांवर वर्ग फार तर गप्प बसवता येतो, शिकवता येत नाही.

त्या शाळेच्या व्यवस्थापकाला 'करस्पॉन्डंट' म्हणत. तिकडे खासगी शाळेच्या मुख्य कारभाऱ्याला हेच नाव आहे. हे गृहस्थ उंचेपुरे, कपाळावर ठसठशीत गंध लावणारे आणि कॉम्प्युटरची खोली सोडली तर शाळेतल्या एकमेव एसीच्या खोलीत बसणारे. त्यांनी बेल वाजवून एका बाईंना बोलावलं. पन्नाशीच्या, अंगानं काडी, गळ्यात मोजपट्टी हारासारखी लटकलेली. मला ते इंग्रजीत म्हणाले, "ह्या शिवणाच्या टीचर. ह्यांचा तास ह्या वर्षापासून बंद केलाय, कारण शिवणाची जागा आता कॉम्प्युटर घेणार. ह्या तुमच्याच भाषेच्या आहेत. तुम्ही सांगा, ह्या मुलांना तमिळमध्ये सांगतील." बाहेर आल्यावर बाईंनी, म्हणजे मुक्ताक्कांनी, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तू गावाकडली काय? तुझं मराठी फारच नवं आहे गे." त्यांचं घराणं भोसल्यांच्या राज्यात तिकडे गेलेलं. माझी मराठी त्यांना नव्या कापडासारखी करकरीत वाटायची आणि त्यांची मला पेटीतल्या लुगड्यासारखी. 'काय करतेस'ला त्या 'काय करूलालीस' म्हणत. पहिले काही दिवस मला वाटायचं, कुणीतरी मला पाळण्यात घालून बोलतंय. त्यांचं बोलणं मी इथे माझ्या मराठीतच लिहिते आहे. त्यांच्यासारखं लिहायला गेले तर चुकेल, आणि त्या असत्या तर पोट धरून हसल्या असत्या.

तर असा आमचा तास सुरू झाला. चौथी ते सातवीची पोरं पाय धुऊन, ओळीनं खोलीत येऊन बसत. तिन्ही यंत्रांवर मुक्ताक्कांनीच शिवलेली खोळ होती, निळी झालर लावलेली, नाड्या बांधलेली. करस्पॉन्डंटांचा हुकूम असा, की मद्रासहून स्टॅबिलायझर येईपर्यंत खोळ काढायची नाही. त्यामुळे सुरुवातीला मी खोळीकडे बोट दाखवून शिकवत असे. मी एक वाक्य बोलायची, "कॉम्प्युटरला दिलेली आज्ञा तो जशीच्या तशी पाळतो." मग मुक्ताक्का सुरू होत. त्यांचं ते एक वाक्य पाच-सात मिनिटं चाले. मधे त्या उठत, कमरेवर हात ठेवत, कुणाची तरी नक्कल करत, आणि वर्ग हसून लोळत असे. शेवटी त्या माझ्याकडे वळून शांतपणे म्हणत, "हं, सांगितलं. पुढे?" तमिळ ही फार विस्तृत भाषा असावी, असं मी सांगलीला पत्रात कळवलं होतं.

स्टॅबिलायझर काही येईना. पोरांना काहीतरी करायला हवं म्हणून मी मुक्ताक्कांना त्या वेळच्या मुलांच्या प्रोग्रॅमबद्दल सांगितलं. पडद्यावर एक कासव असतं, त्याला 'फॉरवर्ड' म्हटलं की ते पुढे जातं, 'राइट' म्हटलं की उजवीकडे वळतं, आणि जाईल तिथे मागे रेघ उमटते. हे ऐकून त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे टीपच की गे ही. सुई पुढे, कापड वळव, सुई पुढे." त्याच दिवशी त्यांनी वर्ग अंगणात काढला. एका पोराला कासव केलं, दुसरं खडू घेऊन त्याच्यामागे रांगत रेघ ओढू लागलं, आणि बाकीचे ओरडून आज्ञा देऊ लागले. नियम एकच. कासवानं डोकं चालवायचं नाही. सांगितलं तेवढंच करायचं, भिंत आली तरी थांबायचं नाही. पहिल्या आठवड्यात बरीच कासवं भिंतीला थडकली. पण आज्ञा नेमकी कशी द्यायची हे त्या पोरांना जितकं कळलं, तितकं डिप्लोमाच्या वर्गात आम्हा मोठ्यांनाही कळलं नव्हतं. पुढे स्टॅबिलायझर आला, खोळ निघाली, आणि पडद्यावर कासव म्हणून एक नुसता त्रिकोण दिसला. वर्गात मोठी निराशा पसरली. "मिस, ह्याला डोकं नाही, पाय नाहीत." मी सारवासारव करण्याआधीच मुक्ताक्का काहीतरी बोलल्या आणि पोरांचं समाधान झालं. काय सांगितलंत, विचारलं तर म्हणाल्या, "एसीत गारठलंय, आत ओढून घेतलंय सगळं, म्हटलं."

सहामाहीला करस्पॉन्डंट स्वतः तोंडी परीक्षा घ्यायला आले. सहावीतली सेल्वी म्हणून एक चुणचुणीत मुलगी पुढे झाली. त्यांनी पडद्याशेजारच्या खोक्यावर, म्हणजे सीपीयूवर, छडी ठेवून विचारलं, "हे काय?" सेल्वी ताठ उभी राहून म्हणाली, "करस्पॉन्डंट, सार." त्यांना वाटलं, पोरगी आदरानं हाक मारते आहे. ते प्रसन्न झाले. "हो हो, पण हे काय आहे?" सेल्वीनं खोक्याकडे बोट केलं, "हेच करस्पॉन्डंट, सार." आणि मग पाठ केलेलं सगळं तिनं एका दमात म्हणून दाखवलं. एसीत बसतो, दिवसभर घर्र आवाज करतो, स्वतःहून काही करत नाही, दुसऱ्यांनी दिलेलं पुढे ढकलतो, आणि त्याच्यावाचून मात्र काहीच चालत नाही. मला तमिळ कळत नव्हतं, शब्द मागाहून कळले, तरी करस्पॉन्डंटांचा चेहरा बघून अर्थ कळत गेला. वर्गात कुणीही हसलं नाही, कारण पोरांच्या लेखी हा धडा होता.

त्या संध्याकाळी मी मुक्ताक्कांना विचारलं, "अक्का, मी 'कॉम्प्युटरचा मेंदू' असं सांगितलं होतं ना?" त्या मोजपट्टी गुंडाळत म्हणाल्या, "मेंदू कुणी पाहिलाय? करस्पॉन्डंट सगळ्यांनी पाहिलेत."

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. लहान वर्गांचा कॉम्प्युटर बंद. यंत्रं पुन्हा खोळीत. नववीपासून पुढच्यांना मी इंग्रजीतून शिकवायचं, आणि मुक्ताक्कांनी वर्षाअखेर घरी बसायचं. त्या पगारावर त्यांचं, त्यांच्या आजारी भावाचं आणि तेव्हा कॉलेजात असलेल्या प्रतापचं घर चालत होतं. रविवारी त्या मला घेऊन बसनं तिरुवैयारूला गेल्या. कावेरीच्या पायऱ्यांवर बसून मी म्हटलं, माफी मागा, निभून जाईल. पाण्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "शिवणाच्या तासाला पोरी गप्प बसायच्या गे. मीही गप्प. सगळा जन्म असा खाली मान घालून गेला. ह्या तासाला पोरं हसतात, मला प्रश्न विचारतात. पगार जाईल त्याची भीती वाटते. पण हा तास गेला तर..." परतीच्या बसमध्ये कंडक्टरशी मात्र सुट्ट्या पैशांवरून असं भांडल्या, की मला जरा बरं वाटलं.

माफी त्यांनी मागितली नाही. तेवढ्यात सिंगापूरवाले गावी आले आणि यंत्रं बघायला येतो म्हणून त्यांचा निरोप आला. करस्पॉन्डंटांनी नववी-दहावीची पोरं इस्त्रीचे कपडे घालून तयार ठेवली. पाहुणे आले. साठीचे, साधा पांढरा शर्ट आणि वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं नेसलेलं धोतर. आल्या आल्या म्हणाले, "लहान मुलं कुठायत? मी सातवीत शाळा सोडली, म्हणून सातवीपर्यंतच्यांसाठी ही यंत्रं दिली." करस्पॉन्डंटांनी घाम पुसला आणि शिपायाला पिटाळलं. मुक्ताक्का आल्या, त्यांची पलटण आली, खोळी निघाल्या, बटणं दाबली, आणि वीज गेली.

करस्पॉन्डंट म्हणाले, "आता कार्यक्रम रद्दच करावा लागेल." मुक्ताक्कांनी पाहुण्यांना नमस्कार केला. "रद्द कशाला? यंत्र झोपलंय, पोरं जागी आहेत. अंगणात चला." अंगणात नेहमीचा खेळ मांडला गेला. पाहुणे बघत राहिले, आणि थोड्या वेळानं चपला काढून म्हणाले, "मी कासव होतो." आज्ञा द्यायला पुढे आली सेल्वी. तिनं त्यांना गंभीरपणे नियम समजावला, डोकं चालवायचं नाही, आणि म्हणाली, "फॉरवर्ड पन्नास."

पाहुणे निघाले. समोर, बरोबर त्या वाटेवर, करस्पॉन्डंट हात जोडून उभे. पाहुणे नाकासमोर चालत त्यांच्यापर्यंत पोचले आणि थांबले. सेल्वी म्हणाली, "कासव थांबत नाही, सार." पाहुण्यांनी पाऊल पुढे टाकलं. करस्पॉन्डंट एक पाऊल मागे सरले. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. सिंगापूरच्या देणगीदाराला बाजूला हो म्हणायचं कसं, आणि आपण बाजूला व्हायचं हे त्या घटकेला त्यांना सुचेना. असे ते हात जोडलेल्या अवस्थेत मागे मागे जात जास्वंदीच्या वाफ्यात पोचले आणि नुकतंच पाणी घातलेल्या मातीत अलगद बसले. खडूवालं पोर रेघ ओढत वाफ्याच्या कडेपर्यंत आलं आणि प्रामाणिकपणे म्हणालं, "मिस, मातीवर खडू उमटत नाही."

आधी हसले पाहुणे. मग, हे श्रेय त्यांना दिलं पाहिजे, वाफ्यात बसलेले करस्पॉन्डंटही हसले. पाहुण्यांनी त्यांना हात देऊन उठवलं आणि सेल्वीला विचारलं, "खऱ्या यंत्रावर हे रोज करता का?" ती म्हणाली, "नाही, सार. त्याला खोळ असते." पाहुणे करस्पॉन्डंटांकडे वळून म्हणाले, "खोलीची किल्ली ह्या टीचरकडे असू दे." एवढंच. त्यानंतर ती किल्ली निवृत्तीपर्यंत मुक्ताक्कांच्या कमरेला होती. करस्पॉन्डंटांनी पुढे एकदा दारातून डोकावून मला इंग्रजीत विचारलं होतं, "ते खोकं अजून माझ्याच नावानं ओळखतात का?" मी खरं तेच सांगितलं. ते म्हणाले, "असू दे. त्याच्यावाचून काही चालत नाही असंही ती पोरगी म्हणाली होती."

आमची बदली झाली तोवर मला तमिळ बऱ्यापैकी यायला लागलं होतं, म्हणजे मुक्ताक्का माझ्या नावावर काय काय खपवतात ते कळू लागलं होतं. पुढे फोन चालू राहिले. निवृत्तीनंतर त्यांनी घराच्या ओसरीवर एक जुना कॉम्प्युटर मांडला आणि गल्लीतली पोरं संध्याकाळी येऊ लागली. प्रतापचं जवळच्याच ओरत्तनाडू गावात बियाण्यांचं दुकान. तो अत्त्यांच्या यंत्राला कधी हात लावत नसे. अत्त्या गेल्या तरी पोरं ठरल्या वेळी आली, पाय धुतले, चटईवर बसली. त्यांना परत जा म्हणायचं त्याच्या जिवावर आलं, म्हणून तो त्यांच्यात जाऊन बसला. आता पोरं त्याला शिकवतात.

परवा त्याचा फोन. ओसरीवर अत्त्यांच्या फोटोखाली त्यांचं नाव लावायचं होतं आणि ते मराठी अक्षरांतच हवं, असा त्याचा हट्ट. त्या घरात मराठी बोलतात सगळे, वाचत कुणीच नाही. पोरांनी इंग्रजी बटणं दाबून देवनागरी उमटवण्याची युक्ती शोधली होती. त्यानं छापलेल्या कागदाचा फोटो पाठवला. मोठ्या, टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मुक्त'. शेवटचा काना राहिला होता. मी बराच वेळ ते बघत बसले. असंच राहू द्यावं, किती योग्य आहे, असे थोर विचारही मनात आले. पण मुक्ताक्का शिवणाच्या टीचर होत्या. चुकीची टीप शोभते आहे म्हणून त्यांनी कधी कुणाला सोडलं नसतं. मी फोन केला आणि सांगितलं, एक इंग्रजी 'ए' कमी पडलाय.

अर्ध्या तासानं दुसरा फोटो आला. पोरांनी ह्या वेळी कसर ठेवली नव्हती. 'मुक्ताआआ'. गल्लीच्या टोकावरून कुणी हाक मारावी तसं.

"आता बरोबर काय, मावशी?" प्रतापनं विचारलं. मागे पोरांचा गलका ऐकू येत होता.

मी म्हटलं, "नाही रे. उसवा, पुन्हा करा."

"होय," तो म्हणाला, "पोरं बसलीत परत."