बिनपंख्याचा संगणक

१४ मे, दुपारी १ वाजून १० मिनिटे. धुळ्यातल्या एका दुकानात मी जुना टॅब्लेट पारखत होते. त्यात मोबाईलचा नव्हे, टेबलावरच्या संगणकाच्या रचनेचा प्रोसेसर होता. म्हणून केळीच्या पानावरचा रोग ओळखणारा माझा प्रोग्राम त्यावर जसाच्या तसा चालला. एका छायाचित्राला ४१ सेकंद लागले. दुसऱ्या दिवशी बागेत परीक्षकांसमोर प्रात्यक्षिक होते, मर्यादा एका मिनिटाची होती आणि शिष्यवृत्ती त्यावरच ठरणार होती.

दुकानदाराने टॅब्लेटची पाठ गालाला लावली, क्षणभर डोळे मिटले आणि तो घेऊन दाराकडे निघाला. आतला भाग बदलण्याची ही युक्ती असावी, असे मला वाटले.

"भाऊ, तो इथेच ठेवा."

"तुम्हीबी चला ना, ताई. मी काय पळी जासू का?" तो हसला. "पंखाखाल बठ्ठं चांगलंच दिखस. उनमा देखा."

पंख्याखाली सगळेच चांगले दिसते, उन्हात बघा, असे सांगून स्वतःची विक्री धोक्यात घालणारा विक्रेता मला अधिकच संशयास्पद वाटला. याला महागडे यंत्र गळ्यात मारायचे असेल. पण अर्धा तास मी रस्त्यावर उन्हात एकामागून एक छायाचित्रे तपासून वेळ वहीत टिपत होते आणि तो माझ्या शेजारी नुसता उभा राहिला. दुसरे काही त्याने दाखवलेही नाही. पंखा नसलेल्या यंत्रातला प्रोसेसर तापला की स्वतःहून मंदावतो, हे मी शिकलेले होते. तरीही माझ्या साऱ्या चाचण्या थंड प्रयोगशाळेत झाल्या होत्या. संशय घ्यायचाच, तर तो त्या चाचण्यांवर घ्यायला हवा होता.

वहीतली शेवटची नोंद: एक छायाचित्र, १८६ सेकंद.