निळी फळी

आई गेल्यावर पप्पांनी तिचं एकच काम हट्टाने स्वतःकडे घेतलं. गॅलरीतल्या लाकडी फळीवर चिमण्यांना बाजरी टाकायची. चिमण्या खाऊन उडाल्या की मगच ते चहा-चपातीला बसायचे, आई बसायची तसेच.

जयंतीच्या आधी विहाराचं गेट रंगवलं. उरलेला डबा पप्पांनी घरी आणला आणि फळी निळीशार करून टाकली. आईच्या फळीला आपला रंग, स्वारी एकदम खूश.

त्या दिवसापासून एकही चिमणी फळीवर उतरेना.

मला वाटलं, रंगाचा वास असेल. वास गेला, तरी त्या समोरच्या लूमच्या कारखान्याच्या पत्र्यावर बसून नुसत्या बघायच्या. बाजरीऐवजी तांदूळ ठेवला, हळदीचा भात ठेवला. शेजारची भाभी म्हणाली, मांजर फिरत असेल. पण खाली लादीवर सांडलेले दाणे तर त्या आरामात टिपत होत्या. माझं डोकंच चालेना. रंगाचं म्हणावं, तर चिमणीला रंगाशी काय करायचंय?

तरी पप्पांना तसं म्हटलं, तर भडकले. निळ्याने यांचं काय घोडं मारलंय, म्हणे. खरं सांगायचं तर मलाही राग आलाच होता.

इकडे पप्पांचं जेवण सुटत चाललं. शुगरची गोळी घ्यायची आणि ताट सरकवायचं. शेवटी मी तडकले, चिमण्यांपायी उपाशी मरणार का म्हणून विचारलं. ते हळूच म्हणाले, "तिच्या हातचं खायच्या. माझ्या हातचं त्यांना नको."

मला रडूच आलं.

सकाळी ते आंघोळीला गेले तेव्हा मी फळी उलटी केली. खालची बाजू तशीच राहिली होती, कोऱ्या लाकडाची. पप्पा मूठभर बाजरी घेऊन आले, फळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. वाटलं, आता ओरडणार. पण त्यांनी दाणे टाकले आणि मागे सरकले. थोड्या वेळाने एक चिमणी उतरली, मग बाकीच्या.

रंग नडला, की फळी नुसती अनोळखी वाटली, मला अजून कळलेलं नाही.

पप्पांनी चपाती मागून घेतली. पहिला घास हातातच धरून ते म्हणाले, "दर जयंतीला विचारायचो, फळीला रंग देऊ का. नको म्हणायची. मला वाटायचं, तिला हौसच नाही."