बुजवलेले तारे

१४ मार्च १९८६. पहाटे नायगावच्या मिठागराच्या बांधावर सहा माणसे होती: शिक्षक सेबॅस्टियन डाबरे आणि त्यांच्या पाच विद्यार्थिनी. हॅलेचा धूमकेतू पुन्हा यायला पंचाहत्तर वर्षे लागणार होती. सरांच्या कॅमेऱ्यात त्याचे एकच छायाचित्र नीट उतरले. रविवारी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ते मांडायचे होते.

वसईतल्या एडवर्ड यांच्या फोटो स्टुडिओत मंदा राऊत बावीस वर्षे रिटचिंग करीत होत्या. निगेटिव्हवरच्या धुळीमुळे फोटोत पांढरे ठिपके उमटतात. बारीक कुंचल्याने काळा रंग भरून ते बुजवायचे. धूमकेतूचा मोठा फोटो त्यांच्या टेबलावर आला, तेव्हा यातले ठिपके तारे आहेत, हे कोणी सांगितले नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी आकाश निर्मळ करून टाकले.

"मंदाताई, नवरीचे तीळ काढता तसे आकाशाचेही काढलेत की!" सर हसले. पण फोटो पुन्हा छापायला त्या आकाराचा कागद उरला नव्हता. नवा सोमवारी मुंबईहून यायचा होता.

एडवर्ड म्हणाले, "पांढऱ्या रंगाचे ठिपके टाका आणि मोकळ्या व्हा. मोजायला कोण येतंय?"

"कोणी मोजणार नाही, म्हणूनच टाकता येत नाहीत, एडवर्डभाऊ."

कष्टकऱ्याच्या चुकीला आपण सहज अज्ञान म्हणतो. येथे चूक घडली ती बावीस वर्षांच्या चोख कामातून.

शनिवारी मंदाताईंनी निगेटिव्हवरची धूळ झटकली आणि ती दिव्याच्या काचेवर ठेवली. तिच्यात तारे काळे दिसतात. भिंगाखाली जिथे काळा बिंदू सापडला, तिथलाच रंग ओल्या कापसाने उचलला. जिथे सापडला नाही, ती धूळ होती, ती बुजलेलीच ठेवली. जेवणाचा डबा तसाच राहिला. दिवेलागणीपर्यंत एकशे अठरा तारे परत आले. चार ठिकाणी मात्र कागदाचा थर रंगासकट निघाला आणि ताऱ्याच्या जागी नुसता ओरखडा उरला. एडवर्डनी पांढऱ्या रंगाची बाटली पुढे सरकवली. मंदाताईंनी तिचे झाकण घट्ट लावले आणि चिठ्ठी लिहिली: "या चित्रातील चार तारे माझ्या हातून गेले आहेत. मंदा राऊत, रिटचिंग." सरांनी ती फोटोखाली लावण्याचे कबूल केले.

रविवारी चित्र लागले. चिठ्ठीमुळे पाहुण्यांपुढे शाळेचे हसे होईल, असे व्यवस्थापकांना वाटले. सरांनी वाद न घालता ती काढून घेतली. त्या दिवशी ते चित्र पाहून गेलेल्यांना चार ताऱ्यांची कबुली द्यायची राहिली आहे.